मास्तरांचा रोजा आणि माझा एक थेंब

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. नाव अवघड वाटलं तर सोडून द्या, आमच्या घरातही ते कुणाला धड घेता आलं नाही. माणसाच्या रक्तात साखर किती आहे ते सांगणारं मी एक तळहाताएवढं यंत्र. माझ्या काचेचा एक कोपरा आता काळवंडला आहे. बटण दोनदा दाबल्याशिवाय मला जाग येत नाही. पाठीवरचं झाकण कधीच हरवलं, तिथे कापडाची चिंधी चिकटवलेली आहे. तरी मी अजून कामावर आहे. माझं खाणंही फार थोडं, मुगाच्या दाण्याहून लहान असा रक्ताचा एक थेंब. तेवढ्या थेंबावर जगून मी जे पाहिलं, त्याने मी अजून थक्क आहे. म्हणून तुम्हाला सांगायला बसलो.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे चपला बाहेर काढून यावं लागे. डोक्याला टोप्या आणि हाताला पातळ मोजे घातलेल्या बायका ओळीने बसलेल्या असत. त्यांचे फक्त डोळे दिसत. एकीने माझ्या पोटात तारांची जाळी बसवली, दुसरीने काच लावली. शेवटी एका बाईने बारीक बाटलीतून लाल पाण्याचा थेंब मला पाजला. ते परीक्षेसाठी बनवलेलं खोटं रक्त होतं. मी बरोबर आकडा दाखवला. तिने मान डोलावली आणि मला डबीत घातलं. रक्त म्हणजे हे असं गार, औषधी पाणी, अशी माझी समजूत झाली.

पुढे कितीतरी दिवस औषधांच्या दुकानात, मलमांच्या आणि पट्ट्यांच्या शेजारी, मी अंधारात पडून होतो. मग एके दिवशी एक बाई आली. तिच्या ओढणीला जागोजागी धाग्याचे तुकडे चिकटलेले होते. दुकानदाराने मला तिच्यापुढे ठेवलं, तर ती म्हणाली, "हे एवढंसं? आणि हे माणसाच्या आतलं सांगणार?"

"सांगेल की. फक्त बोट टोचायचं."

"त्याची काळजी नको. आमच्या घरात बोटं टोचून घेण्यातच जन्म चाललाय."

ते खरंच होतं. तिचा नवरा शिंपी होता. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा. दुकानात खिडकीपाशी शिलाई मशीन, भिंतीला लागून कापायचं मोठं टेबल, त्यावर खडूच्या खुणा, आणि मास्तरांच्या गळ्यात टेप. ती टेप ते जेवतानाही काढत नसत. बाईंना सगळे अम्मी म्हणत. त्यांची लेक लग्न होऊन दूर गेली, पण अम्मी हे नाव मागे ठेवून गेली. आता दूधवालाही अम्मीच म्हणतो.

पहिल्या सकाळी मास्तरांनी टोचणीने करंगळीशेजारचं बोट टोचलं आणि माझ्या तोंडात खोचलेल्या कागदी पट्टीवर थेंब टेकवला. मित्रांनो, तो थेंब कोमट होता. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी आतून इतका हललो की आकडा दाखवायला विसरतो की काय असं वाटलं. त्या थेंबात कालच्या जेवणाचा गोडवा होता, रात्रीची झोप होती, सकाळची घाई होती. एवढं सगळं घेऊन तो थेंब माणसाच्या अंगात रोज फिरत असतो, आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

अम्मीने माझं नाव मच्छर ठेवलं. "अहो, मच्छर कुठे ठेवलाय? चावून घ्या आणि मग चहा." अशी दिवसाची सुरुवात व्हायची. मास्तर कुणाकडे कपडे पोचवायला जाऊन तिथे चोरून मिठाई खाऊन आले, की दुसऱ्या दिवशी माझा आकडा चढायचा. अम्मी माझ्याकडे पाहायची, मग त्यांच्याकडे.

"काल कुणाचं माप घ्यायला गेला होतात?"

"नेहमीचंच. का?"

"मापाबरोबर अजून काय काय घेतलंत ते मच्छर सांगतोय."

मास्तर मला म्हणायचे, "एक बायको पुरत नव्हती, तर तू आलास." पण त्यांचा माझ्यावर राग नव्हता. पाहुणे आले की ते मला मुद्दाम बाहेर काढत, कुणाकुणाला दाखवत. डॉक्टरीणबाईंकडे जाताना मला खिशात घालून नेत. "मीटरने बरोबर सांगितलं," असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा परतीच्या वाटेवर मास्तरांनी माझ्या काचेवरून दोनदा अंगठा फिरवला. आमचे ते दिवस सुखाचे होते.

मग रमजानचा महिना आला.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी रोजे धरत असतील, काहींच्या नसतील. रोजा म्हणजे उजाडण्याआधी जेवून घ्यायचं, त्याला सेहरी म्हणतात, आणि मग सूर्य मावळेपर्यंत अन्नाचा कणही नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. मावळतीची अजान झाली की रोजा सोडायचा. मास्तरांनी पहिला रोजा लहानपणी धरला होता. त्या दुपारी त्यांच्या आईने त्यांना मांडीवर घेऊन पंख्याने वारा घातला होता, हे ते दर वर्षी सांगत. तेव्हापासून त्यांचा एकही रोजा चुकला नव्हता. ताप आला तरी नाही, लेकीचं लग्न घरात असतानाही नाही.

त्यातून हा महिना म्हणजे शिंप्यांच्या कामाचा डोंगर. ईदेला प्रत्येकाला नवे कपडे हवेत आणि प्रत्येकाला ते आधी हवेत.

महिना सुरू होण्याआधी अम्मी म्हणाली, "अहो, एकदा डॉक्टरीणबाईंना विचारून या. ती गोळी साखर खाली ओढणारी आहे. दिवसभर पोटात काही नसलं तर ती कुणाला ओढेल?"

"त्यांना काय विचारायचं? परवानगी मागायला जाऊ?"

"सल्ला मागायला जा."

"त्या नाही म्हणतील. मग नाही म्हटल्यावरही रोजा धरला, तर त्यांचाही अपमान आणि माझीही पंचाईत. त्यापेक्षा नकोच."

अशी त्यांची समजूत. आणि त्याहून मोठी समजूत ही, की बोटातून रक्त काढलं तर रोजा तुटतो. कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं, त्यांना आठवत नव्हतं, पण ते पक्कं होतं. त्यांनी मला पुसलं, डबीत ठेवलं आणि टेबलाच्या खणात, बटणांच्या आणि चेनच्या पाकिटांशेजारी घातलं. "महिनाभर तूही उपाशी," असं म्हणून खण लावला.

मला काही दिसत नव्हतं. पण खण पुरता लागत नसे, त्या फटीतून ऐकू येई. आणि जे ऐकलं त्याने मी चकित होत गेलो. उजाडायच्या आधी भांड्यांचा हलका आवाज, "अजून एक घोट घ्या," असं अम्मीचं म्हणणं. मग दिवस. सकाळी शिलाई मशीनचा आवाज नेहमीसारखा धावता. दुपारनंतर तो मंदावायचा. गिऱ्हाइकाशी बोलताना मास्तरांची जीभ टाळूला चिकटायची, ते मला खणातही कळायचं. पाण्याचा माठ टेबलापासून हाताच्या अंतरावर होता. दुकानात कितीदा तरी ते एकटेच असत. दार लोटलेलं, अम्मी आत झोपलेली. कोण पाहणार होतं? पण माठावरचं झाकण कधी वाजलं नाही. मी माणसांनी खाल्लेल्यावर जगणारा जीव. माणूस न खाण्यासाठी एवढं बळ लावतो, हे मला नवीन होतं.

आणि संध्याकाळ. अजानच्या आधी घरात एक शांतता व्हायची. ताटं मांडलेली, पेले भरलेले, आणि कुणीही हात पुढे करत नाही. भुकेलेली माणसं भरल्या ताटापुढे गप्प बसली आहेत. मग अजान. मग पहिला घोट गळ्याखाली उतरल्याचा आवाज. तो आवाज ऐकून माझ्या पोटातल्या तारासुद्धा ताठ व्हायच्या.

पण मित्रांनो, मला काळजीही वाटत होती. मास्तर दिवसाची नेहमीची गोळी सेहरीला घेत होते, पुरी. ती आपलं काम इमानदारीने करणार होती.

अर्धा महिना निघून गेला आणि एका दुपारी मास्तरांचं बिनसलं. मी खणातच होतो, म्हणून यातलं काही मी ऐकलं आणि काही अम्मीच्या तोंडून नंतर कळलं. आधी ते इस्त्रीवाल्यावर ओरडले. इस्त्रीवाला हा त्यांचा शेजारी आणि जुना मित्र. कपडे परत द्यायला तो आला होता. "कॉलर अशी मोडतात? डोळे कुठे होते?" मास्तर कधी कुणावर ओरडत नसत. इस्त्रीवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "मास्तर, घाम फुटलाय तुम्हाला. पंखा तर चालू आहे."

"काम कर आपलं."

तो गेला तो सरळ मागच्या दाराने अम्मीकडे. अम्मी पडदा सारून दुकानात आली. मास्तर टेबलावर वाकून कात्री चालवत होते. तिने कापलेलं कापड उचललं, उलटंसुलटं केलं, अंगठ्याने खडूच्या खुणेवरून फिरवलं. लहान मुलीचा झगा होता, छापील कापडाचा, ज्याची उलट आणि सुलट बाजू वेगळी असते.

"अहो, हे काय?"

"बाह्या."

"दोन्ही डाव्या आहेत."

मास्तरांनी पाहिलं आणि त्यांना कळलंच नाही. जन्मभर कापड कापलेला माणूस दोन डाव्या बाह्यांकडे पाहत होता आणि त्यात काय चुकलंय ते त्याला दिसत नव्हतं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तुला काय कळतंय?" मग ते सुईत दोरा ओवायला बसले. दोरा भोकाच्या इकडून जाई, तिकडून जाई, आत जाईना.

अम्मीने खण ओढला. इतक्या दिवसांनी माझ्यावर उजेड पडला.

"बोट द्या."

"वेडी झालीस का? रोजा तुटेल."

"द्या म्हणते ना."

"रक्त निघालं की रोजा गेला. एवढे दिवस धरलेत, आज मोडायला लावतेस?"

अम्मीने त्यांचा हात धरला आणि उताणा केला. अंगठ्याशेजारच्या बोटावर ताजा लाल ठिपका होता. शेजारी चिंधीवर डाग. "हे काय आहे?"

"सुई लागली मघाशी."

"आणि सकाळी?"

मास्तर हात मागे ओढू लागले.

"परवा अंगरख्याला गोट लावताना रक्ताचा डाग पडला, तो मी मीठ लावून काढला. तेव्हा रोजा तुटला होता? तुमच्या वडिलांनी सुई हातात दिली तेव्हापासून प्रत्येक रमजानमध्ये तुम्हाला सुई टोचलीय. सगळे रोजे तुटले का मग? तुमचे, तुमच्या वडिलांचे, सगळ्या शिंप्यांचे?"

मास्तर आपल्या बोटाकडे पाहत राहिले. पण हट्ट जाईना. "तू काय मुफ्ती आहेस, धर्माचा निवाडा करायला?" ते पुटपुटले.

"नाही. पण ज्यांना कळतं त्यांना विचारते." तिने मोबाइलवर इमामसाहेबांना फोन लावला. जवळच्या मशिदीचे हे इमामसाहेब. त्यांचे कपडे मास्तरच शिवत. अम्मीने आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर माझ्याशेजारी ठेवला. तिने सगळं थोडक्यात सांगितलं.

"मास्तर," फोनमधून आवाज आला, "बोट टोचल्याने रोजा तुटत नाही. आधी मोजा. मी थांबलोय लाइनीवर."

मास्तरांनी बोट पुढे केलं. अम्मीने टोचलं. थेंब बराच वेळ आलाच नाही, बोट इतकं गार होतं. तिने ते दाबलं, चोळलं, आणि थेंब आला. तो माझ्यापर्यंत पोचला तेव्हा मला त्या पहिल्या दिवसाच्या थेंबाची ऊब त्यात सापडली नाही. त्यात साखर जवळजवळ नव्हतीच. सत्तरच्या खाली धोका असतो. मी त्रेपन्न दाखवले.

अम्मीने आकडा मोठ्याने वाचला.

"सोडा, मास्तर," इमामसाहेब म्हणाले. "आत्ता. साखरपाणी घ्या."

"थोडाच वेळ राहिलाय." मास्तरांचा आवाज दुरून येत होता. "ऊन उतरलंय बघा. अजान होईलच. एवढ्यासाठी कशाला?"

"तेवढ्यात शुद्ध गेली तर?"

"जाणार नाही. इमामसाहेब, मी लहानपणापासून एकही सोडला नाही."

"मला माहीत आहे." आवाज आता हळू झाला होता. "आजाऱ्याला सूट मी दिलेली नाही, मास्तर. डॉक्टरांनीही दिलेली नाही. ज्याच्यासाठी तुम्ही रोजा धरता, त्याने दिलीय. त्याने दिलेलं परत करू नका."

अम्मीने पेला त्यांच्या ओठांना लावला. तिचे स्वतःचे ओठ दिवसभराच्या तहानेने सोललेले होते. पेला भरताना पाणी तिच्या बोटांवर सांडलं होतं आणि ती बोटं तिने ओढणीला पुसून कोरडी केली होती. मी हे टेबलावरून पाहिलं. मास्तर प्यायले. काच दातांवर वाजत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही त्यांचा हात वर होत नव्हता.

मग वाट पाहणं. अम्मीने त्यांचं डोकं आपल्या खांद्याला टेकवून घेतलं. इस्त्रीवाला दारात उभा होता, आत येत नव्हता आणि जातही नव्हता. थोड्या वेळाने तिने पुन्हा बोट टोचलं. माझा आकडा वर आला होता. अजून थोडं, आणि अजून वर.

मित्रांनो, ते मी कसं सांगू? पेलाभर पाण्यात चार चमचे साखर, आणि माणूस परत येतो. आधी त्यांच्या कपाळावरचा घाम सुकला. मग डोळे स्थिर झाले. मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं, दोन्ही तुकडे उचलले, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हे कुणी कापलं? दोन्ही बाह्या डाव्या आहेत."

अम्मी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "नवा कारागीर ठेवलाय," ती म्हणाली. "उद्यापासून त्याला काढून टाकू."

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि अम्मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी खिशातून डोकावत होतो. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर माणसाचं पोट काढलं आणि उजव्या बाजूला एक मोठा डाग रंगवला. "हे यकृत. हे तुमचं कोठार आहे. खाता तेव्हा हे साखर साठवून ठेवतं. उपाशी असता तेव्हा थोडी थोडी काढून रक्तात सोडतं, म्हणून निरोगी माणूस दिवसभर न खाता चालू-बोलू शकतो. पण तुमची गोळी ऐकत नाही. कोठार जेवढी देतं, त्याहून जास्त ती संपवते."

मी खिशात थिजलो. इतकी वर्षं मी थेंबातली साखर मोजत आलो, पण ती उपाशी माणसाच्या अंगात येते कुठून, हे मला माहीत नव्हतं. कुणी न सांगता, कुणी न पाहता, एक कोठार दिवसभर मूठमूठ वाटत असतं. माणसाला वाटतं आपण रिकामे आहोत, आणि तो रिकामा नसतो.

"आणि संध्याकाळी?" बाईंनी विचारलं. "एकदम गोडावर तुटून पडत असाल."

मास्तर खाली पाहू लागले. अम्मी म्हणाली, "तुटून पडतात."

"म्हणजे दुपारी खड्डा आणि रात्री डोंगर. पाणी नसल्याने रक्त घट्ट होतं ते वेगळंच. मास्तर, मी सगळ्यांना नाही म्हणत नाही. काहींना गोळ्या बदलून, वेळा बदलून जमतं. पण त्यासाठी आधी यावं लागतं. या वर्षी मात्र नाही."

राहिलेला महिना मास्तरांना फार जड गेला. लोकांना वाटतं उपाशी राहणं कठीण. मी त्यांना खाताना पाहिलं आहे. भर दुपारी पडद्याआड, भिंतीकडे तोंड करून, एकेक घास चोरासारखा. बाहेरून कुणी हाक मारली की ते ओठ पुसून मगच यायचे. उजाडण्याआधी मात्र ते अम्मीबरोबर उठायचे, तिला ताट वाढायचे, "अजून एक घोट घे," म्हणायचे. आणि सुटलेल्या प्रत्येक रोज्याच्या बदल्यात एका भुकेल्याला दोन वेळचं जेवण द्यायचं असतं, तो डबा ते स्वतः पोचवायचे. एकदा इस्त्रीवाल्याने गमतीने विचारलं, "काय मास्तर, यंदा सुट्टी?" मास्तर मान खाली घालून मशीन चालवू लागले. संध्याकाळी इस्त्रीवाला परत आला आणि गुपचूप आपलं बोट माझ्यापुढे धरलं. त्यालाही गोळ्या चालू होत्या. त्याने कधी सांगितलंच नव्हतं. अम्मीने नवी सुई लावली, कारण एकाची सुई दुसऱ्याला कधीच वापरायची नसते, आणि म्हणाली, "घ्या, अजून एक सुट्टीवाला."

पुढच्या वर्षी रमजानच्या कितीतरी आधी मास्तर आपण होऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. इस्त्रीवाल्यालाही ओढून नेलं. बाईंनी मास्तरांची ती ओढाळ गोळी बंद करून दुसरी सुरू केली, संध्याकाळी घ्यायची. तपासण्या केल्या. मग म्हणाल्या, "करून पाहू. पण अट आहे. दिवसातून चार वेळा मोजायचं. सत्तरच्या खाली गेलं किंवा तीनशेच्या वर गेलं, तर त्या क्षणी रोजा सोडायचा. अंगात बरं वाटत असलं तरी. सूर्य बुडायला आला असला तरी."

"कबूल," मास्तर म्हणाले.

बरोबर आलेली अम्मी मागून म्हणाली, "लिहून घ्या यांच्याकडून." पण लिहून कुणी घेतलं नाही.

त्या वर्षी मी खणात गेलो नाही. शिलाई मशीनशेजारी, खडूच्या डबीजवळ माझी जागा होती. आकडे चांगले येत होते. सेहरीला ते सावकाश पचणारं खात, पाणी भरपूर पीत. संध्याकाळी एक खजूर, पाणी, आणि मग बेताने जेवण. मास्तरांचा चेहरा असा खुलला होता की गिऱ्हाइकं विचारत, लेक येणार आहे का?

आणि मग एक दुपार आली. अम्मी शेजारी कुणाला तरी बघायला गेली होती. दुकानाचं दार लोटलेलं होतं. मास्तर एकटे होते. त्यांना घाम नव्हता, हात कापत नव्हते, त्यांनी नुकतीच एक बाही बिनचूक लावली होती. मोजायची वेळ झाली म्हणून त्यांनी बोट टोचलं. मी सदुसष्ट दाखवले.

ते माझ्याकडे पाहत राहिले. खिडकीतून येणारं ऊन टेबलाच्या अगदी कडेला गेलं होतं. अजानला फार वेळ नव्हता. इमामसाहेब फोनवर नव्हते, डॉक्टरीणबाई समोर नव्हत्या, अम्मी घरात नव्हती. हा आकडा मी आणि ते, दोघांनाच माहीत होता. मी दिव्यासारखा जळत तेवढाच आकडा धरून होतो, आणि थोड्या वेळात माझी काच आपोआप विझणार होती. मग तो आकडा कुणालाच दिसला नसता.

मास्तर उठले. माठाचं झाकण काढलं. पेल्यात पाणी घेतलं, साखर घातली, चमच्याने ढवळली. खिडकीकडे तोंड करून खाली बसले. काहीतरी पुटपुटले, ते मला ऐकू आलं नाही. आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

मित्रांनो, कुणी पाहत नसताना हा माणूस पाणी पीत नाही, हे मी खणात पडून ऐकलं होतं. कुणी सांगत नसताना त्याने पाणी प्यायलेलं मी डोळ्यांसमोर पाहिलं. दोन्ही वेळा त्याच्या आत तेच एक बळ काम करत होतं. माझ्या काचेवर फक्त आकडे उमटतात, म्हणून ते बळ किती, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

अम्मी आली तेव्हा रिकामा पेला टेबलावर होता. तिने पेल्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "किती होतं?"

"सदुसष्ट."

"आणि आता?"

"आता पंचाण्णव. बाही लावून झाली. बघ, उजवीच आहे."

संध्याकाळी ताटं मांडली गेली. मास्तर जरा मागे सरकून बसत होते. अम्मीने त्यांचं ताट ओढून आपल्या ताटाला खेटवलं. अजान झाली, तेव्हा तिने पहिला खजूर उचलला, अर्धा केला, आणि अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

त्यानंतर किती रमजान आले. काही वर्षी मास्तरांना रोजे जमले, काही वर्षी बाईंनी नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी ते मान्य केलं. आता मी थकलो आहे. कधी कधी पहिल्या थेंबाला मला आकडा सुचत नाही, दुसरा मागावा लागतो. शेजारी नवा मीटर आला आहे, तो बोलतोसुद्धा. तरी मास्तर मला फेकत नाहीत.

तुमच्या घरातही कदाचित माझ्यासारखा एखादा असेल, कपाटात धूळ खात. त्याला बाहेर काढा, पुसा, त्याच्या पट्ट्यांची मुदत संपली नाही ना ते पाहा. घरातल्या ज्या मोठ्या माणसाच्या रक्तात साखर जास्त आहे आणि ज्याला रोजा धरायचा आहे, त्याला महिना लागण्याआधी डॉक्टरांकडे घेऊन जा. तुम्ही हट्ट केलात तर तो येईल, तुमचा हट्ट मोडणं मोठ्या माणसांना जमत नाही. आणि एखाद्या दुपारी, सूर्य अजून वर असताना, तो भिंतीकडे तोंड करून पाणी पिताना तुम्हाला दिसला, तर त्याला काही विचारू नका आणि कुणाला सांगायला धावू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा.